लॅपटॉपची पिन आणि मक्तेदारीचे अर्थकारण

(नेर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नेरसारख्या तालुक्याच्या गावी सामान्य माणसाचा सरकारशी येणारा बहुतेक संबंध आज लॅपटॉपच्या पडद्यावरून येतो. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज ही कामे सेवा केंद्रातून होतात. पूर्वी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात जी माणसे उकिडवी बसलेली दिसत, ती आता सेवा केंद्रासमोरच्या बाकावर दिसतात. तेव्हा कारकून रजेवर गेला की काम अडे. आता चार्जर जळाला की अडते. पीकविम्याची मुदत संपत आली आहे, बाहेर शेतकरी आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हातात धरून उभे आहेत, आणि आत लॅपटॉपची बॅटरी संपत चालली आहे, हा प्रसंग कोणत्याही तालुक्यात घडण्याजोगा आहे.

अशा वेळी केंद्र चालवणारा तरुण बाजारात धावतो. दुकानदार खणातून सात-आठ चार्जर काढून त्याच्यापुढे मांडतो. एकाची पिन जाड, दुसऱ्याची बारीक, तिसऱ्याची चपटी चौकोनी. जो बसतो तो चालत नाही, आणि जो चालला असता तो बसत नाही. मग यवतमाळची नाही तर अमरावतीची एसटी धरावी लागते. भाडे जाते, दिवस जातो, आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. गंमत अशी की त्याच केंद्रात, बहुधा त्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात, आधीच्या लॅपटॉपचा एक ठणठणीत अ‍ॅडॉप्टर पडलेला असतो. तो वीज देतो, ती हवी तेवढीच देतो. परंतु त्याची पिन नव्या लॅपटॉपच्या भोकात जात नाही.

कापसाला भाव नाही, सिंचनाचा अनुशेष आहे, तरुणांना काम नाही. असे प्रश्न समोर असताना पिनेच्या आकारावर तास खर्च करणे काहींना चैनीचे वाटेल. तथापि मक्तेदारी नेहमी मोठ्या दारानेच घरात येते असे नाही. या वस्तूच्या निमित्ताने एक साधा प्रश्न विचारता येतो: वस्तूचा आकार कोण ठरवतो, आणि त्या निर्णयाचा खर्च कोण भरतो?

प्रथम तंत्राचा भाग पाहू, कारण तो टाळून केलेली टीका कंपनीच्या अभियंत्यापुढे पाच मिनिटे टिकत नाही. घरात येणारी वीज २३० व्होल्टची ए.सी. असते. लॅपटॉपला सुमारे वीस व्होल्टची डी.सी. लागते. या दोहोंमधले रूपांतर अ‍ॅडॉप्टर करतो. वीसच का, याचे उत्तर बॅटरीत आहे. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला म्हणजे सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे चार सेल एकापुढे एक जोडले की १६.८ व्होल्ट होतात, आणि ते भरण्यासाठी त्याहून थोडा अधिक दाब लागतो. म्हणून बहुतेक कंपन्या एकोणीस-वीसच्या आसपास येऊन थांबल्या. पण थांबल्या त्या एकाच जागी थांबल्या नाहीत. कोणी १८.५ व्होल्ट घेतले, कोणी १९, कोणी १९.५, कोणी २०. लॅपटॉपच्या आत शिरल्यावर हा दाब पुन्हा कमी करूनच निरनिराळ्या भागांना दिला जातो. तेव्हा १९ आणि १९.५ यांतील अर्ध्या व्होल्टला वस्तुतः काही मोठे शास्त्रीय महत्त्व नाही. निसर्गनियमाने हे आकडे ठरलेले नाहीत. ते कंपन्यांच्या आराखड्यांत ठरले.

पिन बदलण्याची काही कारणे मात्र खरी आहेत, आणि ती प्रांजळपणे मान्य केली पाहिजेत. २०११ नंतर लॅपटॉप पातळ करण्याची स्पर्धा लागली. सात-साडेसात मिलिमीटर व्यासाची गोल पिन अशा पातळ यंत्राच्या कडेत मावत नाही. पिन वारंवार हलल्याने आतला जॅक सैल होतो, मदरबोर्डवरचे त्याचे डाख सुटतात; तेव्हा अधिक टिकाऊ जोडणीचा शोध घेणे रास्तच होते. वायरीत पाय अडकून लॅपटॉप खाली पडण्याचे प्रकारही होत. त्यावर तोडगा म्हणून अ‍ॅपल कंपनीने २००६ साली चुंबकाने चिकटणारी जोडणी आणली. पाय अडकला तर वायर सुटते, यंत्र जागेवर राहते. जपानी घरांतील विजेच्या किटल्यांना अशी चुंबकी जोडणी त्याआधीपासून होती. चांगली कल्पना स्वयंपाकघरातून आली म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

परंतु पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २०१२ साली त्याच कंपनीने ही चुंबकी जोडणी अधिक पातळ आणि रुंद केली. जुना अ‍ॅडॉप्टर नव्या यंत्राला बसेना. बसवायचा तर मध्ये जोडायचा एक छोटा तुकडा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. २०१५ आणि २०१६ मध्ये चुंबक काढून टाकला गेला आणि यूएसबी-सी हे सामायिक भोक आले. २०२१ साली चुंबक तिसऱ्या रूपात परत आला, मात्र या वेळी यूएसबी-सीचे भोकही शेजारी ठेवले गेले. पंधरा वर्षांत एका कंपनीच्या एका वस्तूने चार जोडण्या पाहिल्या. चुंबकी जोडणीवर कंपनीचे पेटंट होते आणि इतरांनी तशी जोडणी बनवून विकावी याला तिची संमती नव्हती. बाह्य बॅटऱ्या विकणाऱ्या एका लहान कंपनीने त्या जोडणीच्या वायरी वापरल्या, तेव्हा २०१० साली तिला न्यायालयात खेचण्यात आले आणि तिने त्या वायरींची विक्री बंद केली.

इतरांची कथा निराळी नाही. थिंकपॅड हा मूळचा आयबीएम कंपनीचा लॅपटॉप. २००५ मध्ये तो धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीकडे गेला. २००६ साली त्याचा दाब १६ व्होल्टवरून २० व्होल्टवर गेला आणि गोल पिन जाड झाली. २०१३ मध्ये ती पिवळ्या चौकोनी पिनेत बदलली. पुढे काही वर्षांतच यूएसबी-सी आले. एचपी कंपनीच्या पिनांचीही अशीच तीन रूपे बाजारात आहेत: आधी बारीक, मग मध्ये सुई असलेली जाड, मग पुन्हा बारीक पण आत सुई असलेली. दुरुस्ती करणाऱ्या मुलांना ही वंशावळ तोंडपाठ असते. मिलिमीटरच्या दशांशांचे असे ज्ञान ज्यांना पोटासाठी मिळवावे लागते, त्यांना कोणतेही विद्यापीठ त्याबद्दल पदवी देत नाही!

आता त्या मधल्या सुईकडे वळू. वीज वाहून नेण्यास दोन तारा पुरतात. मग तिसरी सुई कशासाठी? ती ओळख पटवण्यासाठी. डेल कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये एक इवलीशी स्मृतिचकती असते. अ‍ॅडॉप्टर जोडला की लॅपटॉप त्या सुईवाटे तिला तिची क्षमता विचारतो. उत्तर आले तर सारे सुरळीत. उत्तर आले नाही तर अ‍ॅडॉप्टर ओळखता येत नाही असा संदेश पडद्यावर येतो, बॅटरी भरत नाही आणि यंत्राचा वेगही घटवला जातो. व्होल्ट बरोबर, अँपिअर बरोबर, पिन बरोबर, आणि तरीही काम नाही. बाजारात मिळणारा दुसऱ्या कारखान्याचा अ‍ॅडॉप्टर उत्तम असला तरी ही चकती नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. इतकेच नव्हे, मूळ अ‍ॅडॉप्टरच्या वायरीतील ती बारीक तार तुटली तर कंपनीचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टरसुद्धा परका ठरतो.

कंपन्यांचे समर्थन असे की, कमी ताकदीचा अ‍ॅडॉप्टर मोठ्या यंत्राला जोडला तर तो तापेल, जळेल. हे समर्थन खोटे नाही. ६५ वॅटच्या अ‍ॅडॉप्टरकडून १३० वॅट ओढणे धोक्याचेच आहे. परंतु ओळख पटवण्याची भाषा जर सुरक्षिततेसाठी असेल, तर ती सर्वांना ठाऊक असलेली, सर्वांना वापरता येणारी असावयास हवी होती. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्या प्रत्येक मोटार कंपनी आपापल्या लिपीत लिहीत नाही. येथे प्रत्येकीने आपली लिपी केली. सुरक्षिततेची गरज खरी होती. तिच्या आडोशाने कुंपण घातले गेले.

हे कुंपण तांत्रिक अपरिहार्यतेतून आलेले नाही याचे दोन पुरावे आहेत. पहिला पुरावा कारखान्यातला. या नामांकित कंपन्यांपैकी बहुतेक जणी आपला अ‍ॅडॉप्टर स्वतः बनवीतच नाहीत. डेल्टा, लाइट-ऑन, चिकोनी या तैवानच्या कंपन्या तो अनेकांसाठी बनवतात. मालाच्या मागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत त्यांचे नाव सापडते. म्हणजे आतील मंडल बनवणारे हात एकाच उद्योगातले असतात, आणि वायरीच्या टोकाशी येईपर्यंत ती वस्तू एकमेकींना न चालणाऱ्या चार वस्तू झालेली असते. दुसरा पुरावा मानकांच्या दप्तरातला. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने २०१४ साली लॅपटॉपच्या सामायिक अ‍ॅडॉप्टरचे तपशीलवार विनिर्देश प्रसिद्ध केले होते. दाब, पिन, सुरक्षितता यांचा विचार त्यात होता. ते पाळण्याची सक्ती कोणावरही नव्हती, आणि बाजारातल्या वैविध्यावर त्याचा काडीइतका परिणाम झाला नाही. मार्ग उपलब्ध होता. त्यावरून चालण्यात कोणाला रस नव्हता.

रस का नव्हता, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. लॅपटॉप विकत घेताना ग्राहक दहा कंपन्यांच्या किमती तोलून पाहतो; तेथे स्पर्धा आहे आणि नफ्याचे प्रमाण कंपनीला मनासारखे ठेवता येत नाही. परंतु एकदा चाळीस-पन्नास हजारांचे यंत्र घरी आले की ग्राहक बाजारातून उठून त्या एका कंपनीच्या अंगणात येतो. चार्जर, बॅटरी, कळफलक यांसाठी त्याला दुसरे दार राहत नाही. हा दुय्यम बाजार असतो, आणि पहिल्या बाजारातील स्पर्धेची भरपाई त्यात करून घेता येते. मूळ चार्जर साधारणपणे दोन-तीन हजारांना आणि नकली पाच-सहाशेला मिळतो. या दोन आकड्यांमधील अंतरात उत्पादनखर्च किती आणि ग्राहकाच्या अगतिकतेची किंमत किती, हे कोणतीही कंपनी ताळेबंदात वेगळे दाखवीत नाही.

दुय्यम बाजाराची ही कल्पना केवळ पुस्तकी नाही. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देता या कंपन्या गाडीमालकांना आपल्याच अधिकृत केंद्रांकडे वळवीत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. प्रकरण पुढे अपिलात गेले, हा भाग वेगळा. गाडी घेणारा वर्ग न्यायालयापर्यंत पोचू शकतो, त्याचे प्रकरण होते. चार्जर घेणारा एसटी पकडतो.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली अभियंता आणि धनिक यांच्यातील विरोधावर एक पुस्तक लिहिले. अभियंत्याची प्रवृत्ती वस्तू उत्तम चालावी अशी असते, आणि धंद्याचे हित ती मोजून-मापून चालावी यात असते, असा त्याचा रोख होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, जगातील मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात करार करून बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणले आणि अधिक टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड लावला. लॅपटॉप कंपन्यांनी असा लेखी कट केलेला नाही, आणि तसा आरोप करणे बेजबाबदारपणाचे होईल. त्याची गरजच नाही. प्रत्येकीने आपापले कुंपण घातले की सर्वांचा मिळून परिणाम तोच होतो. कटाशिवाय साधणारी ही शोषणव्यवस्था पकडायला अधिक अवघड असते, कारण तिला आरोपी नसतो.

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही रचना नव्याने समजावून सांगावी लागू नये. त्याचे आजोबा आपल्याच कापसाची सरकी राखून पुढच्या मृगात पेरीत. संकरित वाण आले, आणि राखलेल्या सरकीतून तसेच पीक येईनासे झाले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली; तोही या देशात मुख्यतः संकरित वाणांतूनच आला. म्हणजे दरवर्षी दुकानात जाणे आले. ४५० ग्रॅमचे पाकीट दीड हजार रुपयांच्या वर गेले तेव्हा आंध्र प्रदेशाने तक्रार नेली, आणि २००६ मध्ये ते ७५० रुपयांवर आणणे भाग पडले. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्यांची किंमत ठरवण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. बियाण्याच्या बाबतीत निदान एक सबब तरी खरी होती: संकरित वाणाची दुसरी पिढी दुबळी निघते, हे जीवशास्त्र आहे. पिनेच्या बाबतीत तेवढीही सबब नाही. जुना अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या पिढीत दुबळा होत नाही; त्याला दुबळा ठरवले जाते. आणि लक्षात घ्या, बियाण्याच्या पाकिटाची किंमत कंपनीच्या सद्बुद्धीने निम्म्यावर आली नव्हती.

ज्या वस्तूंच्या बाबतीत राज्यसंस्थेने वेळीच नियम केला, तेथे हा त्रास कोणाला जाणवतसुद्धा नाही. पंखा कोणत्याही कंपनीचा असो, मिक्सर कोणत्याही कंपनीचा असो, त्याचा तीन पिनांचा प्लग घरातल्या बोर्डात बसतो. बोर्ड बदलला म्हणून कोणी पंखा टाकून देत नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरणही याच भागातले आहे. यवतमाळहून दारव्हा-कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला अडीच फुटी रुळांवर धावे. मूर्तिजापूरला मोठ्या रुळांची मुख्य लाईन लागे, आणि तेथे एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवल्याखेरीज तो पुढे जात नसे. हमालांच्या पाठीवर तो खर्च पडे आणि कापसाच्या भावातून वसूल होई. रूळ अरुंद ठेवण्यामागे निदान बांधकाम स्वस्त पडावे हा हिशेब होता. तरी ती तुटकता पिढ्यान् पिढ्या पुरली. पिनेच्या तुटकतेला स्वस्ताईचे निमित्तही नाही.

जगात यावर काय झाले? चीनने २००६ च्या अखेरीस मोबाईलच्या चार्जरसाठी मानक काढून वाट दाखवली. युरोपात २००९ साली चौदा मोबाईल कंपन्यांनी स्वेच्छेने एक समझोता केला. त्याने चार्जरचे प्रकार तीसवरून तीनवर आले, हे खरे. पण उरलेले तीन जाईनात. अ‍ॅपलने तर आपली पिन तशीच ठेवून वेगळा जोडतुकडा विकायला काढला आणि समझोत्याचे पालन झाल्याचे सांगितले. स्वेच्छेची मर्यादा तेथे उघडी पडली. अखेर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी सक्तीचा कायदा केला. मोबाईल, टॅबलेट इत्यादींसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ या तारखा त्यात घातल्या. नवकल्पनांचा गळा घोटला जाईल, अशी ओरड अ‍ॅपलने केली होती. पण सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मुदतीच्या वर्षभर आधी, तिने आपल्या नव्या फोनला यूएसबी-सी बसवले, आणि फोनची विक्री त्यामुळे थांबली नाही. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा युरोपातील कचरा वर्षाला अकरा हजार टन होतो, आणि अनावश्यक खरेदी टळल्यास ग्राहकांचे वर्षाला २५ कोटी युरो वाचतील, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता.

येथे एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. यूएसबी-सी हे मानक २०१४ साली आले ते कंपन्यांनीच एकत्र बसून केलेल्या कामातून. त्यातून लॅपटॉपला १०० वॅटपर्यंत वीज देण्याची सोय झाली, आणि २०२१ मध्ये ती मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली. एकत्र येऊन उत्तम गोष्ट करण्याची बुद्धी आणि कौशल्य या उद्योगात आहे. किंबहुना म्हणूनच आधीच्या वीस वर्षांच्या अराजकाला अज्ञानाची सबब देता येत नाही.

भारतात काय झाले, हे थोडक्यात सांगता येईल, कारण झाले तेच थोडके. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने उद्योगांची बैठक घेतली आणि मोबाईल, टॅबलेट, लॅपटॉप यांसाठी टप्प्याटप्प्याने यूएसबी-सी आणण्यावर सहमती झाली. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी-सीचे मानक प्रसिद्ध केल्याचे सरकारने जाहीर केले. मानक प्रसिद्ध होणे आणि ते बंधनकारक होणे यांत फार मोठे अंतर आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०१४ च्या विनिर्देशांचे काय झाले ते वर आलेच आहे. मे २०२३ मध्ये लॅपटॉप आणि तत्सम यंत्रांचे उत्पादन देशात व्हावे म्हणून केंद्राने १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. सार्वजनिक तिजोरीतून एवढी रक्कम देणाऱ्या सरकारला एका पिनेची अट घालण्याचा नैतिक अधिकार आहे, याविषयी कोणाही करदात्याला शंका वाटू नये.

नियमाची मागणी करताना मात्र भोळेपणा उपयोगी नाही. भोक सारखे झाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. यूएसबी-सीच्या वायरी दिसायला एकसारख्या असतात, पण काही तीन अँपिअरच्या असतात, काही पाचच्या. मोबाईलचा चार्जर लॅपटॉपला लावला तर बसतो, आणि यंत्र मुंगीच्या पावलाने भरते किंवा भरतच नाही. शिवाय ओळख पटवण्याचा जुना डाव नव्या भोकातही खेळता येतो: आपला चार्जर असला तर पूर्ण वेग, परक्याला अर्धा. युरोपच्या कायद्याने हे ओळखून दोन अटी घातल्या. कंपनीची स्वतःची जलद पद्धत असली तरी सामायिक पद्धतीने पूर्ण क्षमतेची वीज घेता आली पाहिजे, ही एक. आणि यंत्राला किती वॅट लागतात हे वेष्टनावर छापले पाहिजे, ही दुसरी. चार्जरविना यंत्र विकत घेण्याचा पर्यायही ग्राहकाला द्यावा लागतो. आपल्याकडील मागणीत या तिन्ही गोष्टी शब्दशः आल्या पाहिजेत, नाहीतर भोक तेवढे सरकारी होईल आणि कुलूप खाजगी राहील.

स्वस्त नकली चार्जरचाही विचार टाळता येणार नाही. मूळ वस्तू महाग आणि दूर असली की गावात नकली येणारच. तिच्यात बहुधा २३० व्होल्टची बाजू आणि वीस व्होल्टची बाजू यांमधले सुरक्षित अंतर वाचवलेले असते, गाळणीचे भाग काढून टाकलेले असतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल आटते. अशा घरात लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात. गावातल्या विजेचा दाब चढला-उतरला की पहिला बळी हाच चार्जर असतो. अ‍ॅडॉप्टरला सक्तीच्या नोंदणीचा नियम आपल्याकडे आहे, मालावर मानक ब्यूरोची खूण असावी लागते. पण खूण छापणे सोपे असते, आणि तपासनीस तालुक्यापर्यंत पोचत नाही. सामायिक मानक सक्तीचे झाले तर एकाच नमुन्याचा माल अनेक कारखाने बनवतील, प्रामाणिक माल स्वस्त होईल, आणि नकलीचा बाजार आपोआप आकसेल. नकली मालाविरुद्ध पोलिसांची धाड हा त्यामानाने फार दुबळा उपाय आहे.

आणि टाकून दिलेल्या त्या चार्जरांचे काय होते? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला एक-चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला नाही. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्यक्षात भंगारवाला चार्जर किलोवर नेतो आणि तांब्यासाठी कुठेतरी वायर जाळली जाते. त्या धुरात जे उभे असतात त्यांनी लॅपटॉप विकत घेतलेला नसतो. पिन बदलण्याच्या निर्णयाचा खर्च कोण भरतो, या प्रश्नाच्या उत्तरातला हा शेवटचा आणि सर्वांत गरीब भागीदार.

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांच्यापुढे गावातल्या माणसाच्या आवाक्यात राहील असे यंत्र होते. लॅपटॉप हे कोणत्याही मोजमापाने छोटे यंत्र आहे, मांडीवर मावते. पण ज्याची पिन तुटली तर तालुक्यात दुरुस्त होत नाही, ते यंत्र आकाराने छोटे असूनही सत्तेने मोठेच राहते. नेरमध्ये ते दुरुस्त करू शकणारी मुले आहेत. त्यांच्यापाशी डाखणी आहे, मीटर आहे, हात आहे. नाही ते एवढेच, की कंपनीने त्या सुईवाटे कोणती भाषा बोलली जाते हे सांगण्याचे बंधन. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे, कायदा अजून मागावाच लागेल.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत असताना तालुक्यात करण्याजोगे एक काम आहे. शाळा, ग्रामपंचायती, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्यासाठी लॅपटॉप घेतले जातात ते जनतेच्या पैशातून. निविदेत एक कलम घालता येते: यंत्र यूएसबी-सीने, कोणत्याही कंपनीच्या योग्य क्षमतेच्या चार्जरने, पूर्ण वेगाने भरले गेले पाहिजे. त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही, ठराव लागतो. सभेत बसणाऱ्या आपल्या सदस्यांनी पुढची खरेदी निघण्यापूर्वी तो मांडावा. आणि ज्या कार्यालयांत जुने गोल पिनांचे लॅपटॉप अजून धडधाकट आहेत, तेथे ते मोडीत काढण्याच्या प्रस्तावावर सही करण्याआधी टेबलाच्या खालच्या कप्प्यात हात घालून पाहावा. त्याच जातीचा एखादा अ‍ॅडॉप्टर तेथे बहुधा सापडेल.